पाखराचें चित्र आणि पाखराची जागा

वन्य पक्ष्यांचीं छायाचित्रें आज जितकीं विपुल झालीं आहेत तितकीं तीं पूर्वीं कधींच नव्हतीं. भिंतीवरील दिनदर्शिका उलटावी तर तेथें खंड्या बसलेला. दिवाळी अंकाचें मुखपृष्ठ पाहावें तर तेथें नवरंग. आणि खिशांतील मोबाइल काढावा तर एखाद्या स्नेह्यानें सकाळींच शिंजीर पाठवून दिलेला असतो. या विपुलतेचा आम्हांस मुळींच विषाद वाटत नाहीं. ज्या घरांत कावळा, चिमणी व पोपट यांपलीकडे चौथ्या पक्ष्याचें नांव निघत नसे, त्या घरांतील मुलें आज तांबट व कोतवाल ओळखूं लागलीं आहेत, हा लाभ लहान नाहीं. परंतु कथा, काव्य, नाटक यांची परीक्षा करतांना आपण ज्या जिव्हाळ्यानें व प्रसंगीं ज्या कठोरपणानें बोलतों, तसें या चित्रांविषयीं कोणी बोलत नाहीं. चित्र समोर आलें कीं 'वाहवा, काय सुंदर पक्षी!' एवढाच उद्गार निघतो. तो उद्गार पक्ष्याला उद्देशून असतो, चित्राला नव्हे. नवरंगाचे रंग छायाचित्रकारानें दिलेले नाहींत. मग त्यानें काय दिलें, हें विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्यास आहे, व तो या लेखापुरता आम्ही बजावणार आहों.

या कलेच्या कुळांत बंदूक आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील पक्ष्यांचीं भव्य चित्रें रंगविणारा ऑड्यूबॉन पक्षी आधीं मारीत असे आणि मग तारांनीं त्याला जिवंतपणाची ऐट देऊन समोर मांडीत असे. १८८२ सालीं मारे नांवाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें उडत्या पक्ष्याच्या पंखांची हालचाल टिपण्यासाठीं जें यंत्र केलें, तें तर रूपानेंहि बंदूकच होतें. दस्ता खांद्याला लावावयाचा, नळी पक्ष्यावर रोखावयाची आणि चाप ओढावयाचा. फिरत्या कांचेवर एका सेकंदांत बारा चित्रें उमटत, आणि पक्षी मात्र सुखरूप उडून जाई. मारेला हवें होतें तें शास्त्र. सौंदर्याशीं त्याला फारसें कर्तव्य नव्हतें. तथापि नेम धरून जिवंत सोडून देण्याची जी वृत्ति या कलेचा प्राण आहे, ती या यंत्रांत मूर्त झालेली दिसते. शिकाऱ्याची भाषा मात्र छायाचित्रकारांच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाहीं, आणि ती केवळ भाषाच आहे कीं काय, याचा विचार पुढें येईल.

ही कला वयांत आली ती इंग्लंडांत, रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंच्या हातीं. यॉर्कशायरच्या डोंगराळ खेड्यांत वाढलेले हे शेतकऱ्याचे मुलगे लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेंत नोकरीस होते. १८९२ सालीं चेरीनें एका थ्रश पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. आणि १८९५ सालीं ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवर रिचर्डनें लिहिलेलें व चेरीच्या छायाचित्रांनीं नटलेलें पुस्तक निघालें. सर्वस्वी निसर्गांत घेतलेल्या छायाचित्रांनीं सजलेलें पहिलें पुस्तक म्हणून त्याचें नांव घेतात. त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर ठेवलेली अवजड लांकडी पेटी. कांचेची प्लेट एका वेळीं एक. ती वापरली कीं दुसरी घालावयाची. आणि पक्ष्यापासून चार पावलांवर गेल्यावांचून चित्रांत तो माशीएवढा दिसावयाचा. पक्षी माणसाला जवळ येऊं देत नाहीं, पण गुरांना देतो, हें खेड्यांत वाढलेल्या या भावांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं एक पोकळ बैल केला! लांकडी सांगाड्यावर बैलाचें कातडें चढविलेलें, कातड्याला भिंगापुरतें भोंक, आणि पोटांत कॅमेरा घेऊन तासन् तास कंबर वांकवून उभा असलेला माणूस. पोळ्याच्या दिवशीं या बैलालाहि एक पुरणपोळी दाखवावयास हरकत नव्हती.

कीर्टन बंधूंचीं तीं चित्रें आज पाहतां फिकीं वाटतात. रंग नाहीं, तेज नाहीं. पुष्कळदां पक्षीहि नाहीं, नुसतें घरटें आहे. तरीहि तीं डोळ्यांसमोरून हलत नाहींत. त्यांत गवताची काडी न् काडी आहे. कुंपणाची काटेरी झुडुपें आहेत. शेवाळ आहे, दगड आहे, ओल आहे. मादीनें शंभर जागा सोडून हीच जागा कां पत्करली, वारा कोणत्या अंगानें येत असेल, मांजर कोठवर पोंचूं शकेल, हें सारें पाहणाऱ्याला तर्कानें कळतें. घरटें चित्रांत आहेच. घरट्याची निवडहि चित्रांत आहे. एखाद्या चांगल्या कादंबरीकारानें पात्राचें घर वर्णन करतां करतां पात्रच सांगावें, तसा कांहींसा हा प्रकार आहे.

मात्र या संप्रदायाचें जें पाप आहे तेंहि बोलून दाखविलें पाहिजे. घरटें हें पक्ष्याला खिळवून ठेवणारें एकमेव स्थान. म्हणून जवळजवळ अर्धें शतक पक्ष्यांचें छायाचित्र म्हणजे बहुधा घरट्याचेंच छायाचित्र असे. भिंगाला उजेड मिळावा म्हणून आड येणाऱ्या फांद्या बाजूला बांधून ठेवीत, कधीं छाटीतहि. फांद्या पुन्हां पूर्ववत् करणारे सज्जन होते, नाहीं असें नाहीं. पण ज्या पिलाच्या अंगावर अजून पीस नाहीं, त्याला तासाभराचें ऊनहि पुरतें. आणि माणसानें पाडलेली पायवाट वाचण्याची कला कावळ्याला व मुंगसाला शिकवावी लागत नाहीं. आपल्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणें हें शिकारीच्या व्याख्येंतच घातलेलें आहे. शिकाऱ्याची भाषा असें जें आम्हीं वर म्हटलें, तिला कायद्यानें असा शब्दशः अर्थ दिला आहे. आज अनेक मासिकें व स्पर्धा घरट्यांवरील चित्रें स्वीकारीत नाहींत, हें योग्यच झालें.

तथापि जुन्या मंडळींच्या निष्ठेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. एमा टर्नर या बाईंनीं नॉर्फोकच्या पाणथळ प्रदेशांत होडीवर घर करून वर्षानुवर्षें काढलीं. बिटर्न नांवाचा बगळ्याच्या कुळांतील पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत वीण करीनासा झाला होता. १९११ सालीं टर्नरबाईंनीं त्याच्या पिलाचें छायाचित्र घेतलें, आणि गेलेला पक्षी परत आला याला पुरावा मिळाला. या पक्ष्याची एक खोड आहे. भय वाटलें कीं तो चोंच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो आणि बोरूच्या बनांत आणखी एक बोरू होऊन जातो. त्याच्याभोंवतालचा बोरू पुसून टाका. मागें उरेल तो मान वर करून उभा असलेला एक खुळा पक्षी. ही गोष्ट वाचकांनीं स्मरणांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तीवरच उभें आहे.

एरिक हॉस्किंग याचा डावा डोळा १९३७ सालीं वेल्समध्यें घुबडाच्या नखानें गेला. रात्रीं लपणाकडे जात असतां पिलांच्या आईनें झडप घातली. यापुढें तो हा नाद सोडील असें कोणासहि वाटलें असतें. परंतु त्यानें १९९१ सालीं मरेपर्यंत, म्हणजे आणखी पन्नासांहून अधिक वर्षें, पक्ष्यांचींच चित्रें काढलीं व आपल्या आत्मचरित्राच्या नांवांतहि तो डोळा आणला. घुबडाला दोष देण्याचें कारण त्याला कधीं सांपडलें नसावें. नेत्रांची दुसरी कथा लोक वान थो या सिंगापूरच्या चित्रपटव्यवसायी धनिकाची. १९४२ सालीं सिंगापूरहून पळून जात असतां त्याच्या जहाजावर बाँब पडला; अंग भाजलें आणि कांहीं काळ दृष्टिहि गेली. तो हिंदुस्थानांत आला, मुंबईस त्याची सलीम अलींशीं गांठ पडली, आणि परत मिळालेल्या डोळ्यांनीं काय पाहावें हें त्याला तेथें कळलें. १९५७ सालीं निघालेल्या त्याच्या पुस्तकांतील चित्रें पाहतांना ही पूर्वकथा माहीत असली कीं चित्रांतील सावकाशपणाचा अर्थ निराळा लागतो. हा मनुष्य १९६४ सालीं विमानाच्या अपघातांत गेला.

सलीम अलींनीं स्वतः ज्या रीतीनें पक्षी पाहिले तिचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. १९३० च्या सुमारास नोकरी नसतांना ते किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. तिच्यासमोर शिडी रोवून, वरच्या टोंकाशीं कापडाच्या आडोशांत बसून त्यांनीं महिनेच्या महिने टिपणें केलीं. नर अर्धवट विणलेलें घरटें घेऊन लोंबकळत राहतो, मादी येऊन आंतून बाहेरून तपासते, पसंत पडलें तर संसार थाटते, आणि नर तें पुरें करून दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीला लागतो, हें गुपित त्या शिडीवर उलगडलें. त्यांच्या हातांत तेव्हां पेन्सिल होती. पण जो मनुष्य लपणांत पेन्सिल घेऊन बसूं शकत नाहीं, त्याच्या हातीं कॅमेरा देऊन कांहीं साधेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कारण या कलेंतील खरा आनंद कळ दाबण्याच्या क्षणीं फार थोडा असतो. तो आधींच्या दोन तासांत असतो. माणूस आडोशाला जाऊन बसला कीं पहिला अर्धा तास सारें रान त्याच्याविषयीं बोलत असतें. बुलबुल कुरकुरतात, सातभाई कल्ला करतात, खारीची शेपटी झटक्यानें उडते. मग एकेक आवाज आपल्या नेहमींच्या कामाला लागतो. वेडा राघू पुन्हां त्याच काडीवर येऊन बसतो, हवेंत झेप घेऊन माशी पकडतो, परत त्याच काडीवर येतो आणि माशी आपटून आपटून मग गिळतो. चार वेळां हें पाहिलें कीं पांचव्या वेळीं तो कोठून येणार, ऊन त्याच्या कोणत्या पंखावर पडणार, हें कळूं लागतें. आपण नसतांना जग कसें चालतें, हें पाहावयास मिळणें ही मोठी दुर्लभ गोष्ट आहे. छायाचित्र ही त्या दुर्लभ गोष्टीची पोंच. ज्या चित्रांत ही पोंच सांपडते तें चांगलें, आणि ज्यांत पक्षी भिंगाकडे रोखून, अंग चोरून, उडण्याच्या बेतांत बसलेला आहे, तें कितीहि स्वच्छ असलें तरी आमच्या मतें उणें.

आतां आजच्या चित्रांकडे वळूं. यंत्रानें केलेली प्रगति थक्क करणारी आहे. मारेच्या बंदुकीचीं सेकंदाला बारा चित्रें होतीं, आजच्या कॅमेऱ्याचीं वीस-तीस आहेत. पक्ष्याचा डोळा कोठें आहे तें यंत्र आपण होऊन शोधतें. कांहीं यंत्रें तर कळ दाबण्यापूर्वींच्या अर्ध्या क्षणाचींहि चित्रें जपून ठेवतात, म्हणजे माणसाचा उशीर तीं आधींच माफ करतात. लांब पल्ल्याच्या भिंगांमुळें पक्ष्यापाशीं जाण्याचें कारण उरलें नाहीं. ही शेवटची गोष्ट पक्ष्यांच्या दृष्टीनें वरदान ठरावयास हवी होती, व अंशतः ठरलीहि. पण या भिंगाचा एक धर्म आहे. तें पक्षी तेवढा स्पष्ट करतें आणि त्याच्यामागील सर्व कांहीं वितळवून टाकतें. मागें एक गुळगुळीत हिरवा किंवा पिवळा पडदा उरतो. पुढें एक काडी. काडीवर पक्षी, पिसान् पीस मोजून घ्यावें इतका लख्ख. असें चित्र आज आदर्श मानलें जातें. बक्षिसें त्याला मिळतात. पाठीमागें एखादी फांदी दिसलीच तर तिला 'अडथळा' म्हणून संगणकावर पुसून टाकण्याची रीति आहे.

आपल्या रसशास्त्रानें विभावाचे दोन भेद केले आहेत, आलंबन आणि उद्दीपन. ज्याच्या ठिकाणीं भाव गुंततो तें आलंबन; ज्या परिसरानें तो भाव चेततो तें उद्दीपन. शाकुंतलांतून मालिनीचा तीर, वेली आणि हरिणें काढून टाका आणि एका कोऱ्या पडद्यापुढें शकुंतलेला उभी करा. नायिका तीच राहील, पण नाटक राहणार नाहीं. पडद्यावरचा पक्षी हा असा निव्वळ आलंबन आहे. त्याच्याविषयीं कौतुक वाटतें, कुतूहल वाटत नाहीं. तो कोठें आहे? काय खाणार आहे? कोणाला भीत आहे? चित्र याचें उत्तर देत नाहीं, आणि ते प्रश्न मनांत उठूंहि देत नाहीं.

यावर असें म्हणतां येईल कीं पक्षी ओळखावयास पार्श्वभूमि कशाला हवी? ओळखण्यासाठीं नको, हें मान्य. परंतु ओळखीचें काम चित्रकाराचा कुंचला छायाचित्रापेक्षां चांगलें करतो. सलीम अलींच्या १९४१ सालच्या पुस्तकांत रंगविलेलीं चित्रें आहेत, आणि आजहि पक्षी ओळखण्याचीं पुष्कळ पुस्तकें तशींच निघतात. चित्रकार शंभर दयाळ पाहून एक दयाळ काढतो; तो दयाळ या जातीची व्याख्या असते. छायाचित्र व्याख्या देऊं शकत नाहीं. तें एकाच दयाळाचें, एकाच सकाळचें, एकाच फांदीवरचें असतें. व्यक्ति हीच त्याची शक्ति. ती सोडून छायाचित्रकार जर व्याख्येच्या मागें लागला, तर तो चित्रकाराचें काम चित्रकारापेक्षां वाईट रीतीनें करीत आहे, एवढेंच म्हणावें लागेल. मद्रासचे एम. कृष्णन् यांनीं जन्मभर काळ्या-पांढऱ्यांतच चित्रें काढलीं. रंग सोडल्यामुळें त्यांस प्राण्याच्या ठेवणीकडे व भोंवतालच्या रानाकडे पाहावेंच लागलें. आमच्या मराठी गद्यालाहि हें भान होतें. २०२५ सालीं निवर्तलेले मारुति चितमपल्ली यांच्या लेखनांत पक्षी कधीं एकटा येत नाहीं. तो नवेगांवबांधचें पाणी, तेथील झाडें आणि तेथील माणसांनीं त्याला दिलेलें नांव घेऊन येतो.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्हीं इतका कागद खर्च केला नसता. पुसली जाणारी पार्श्वभूमि कोणती आहे, तें पाहा. आपल्याकडे माळरानाला सरकारी दप्तरांत बहुधा 'पडीक' म्हणतात. माळढोक त्या पडिकावर जगतो. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचा परिसर ज्यांत आहे तें माळढोकाचें अभयारण्य १९७९ सालीं झालें. तरी आज महाराष्ट्रांतून हा पक्षी जवळजवळ नाहींसा झाला आहे. माळ नांगरले गेले, त्यांवर इमारती आल्या, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचें चित्र पाहून हळहळणारा मनुष्य तोच माळ मोकळा पडला आहे म्हणून तेथें कांहीं बांधावयास निघाला, तर त्यांत त्याला विसंगति दिसत नाहीं. कारण चित्रांत त्याला माळ कोणी दाखविलेलाच नाहीं. तेथें एक पिवळसर धूसरता होती. जें दप्तरांत पडीक आहे तें चित्रांतहि पडीकच ठेवलें गेलें.

जागेचा विसर पडला कीं पक्ष्याशीं वागण्याची रीतहि बिघडते. उजनीच्या पाणपसाऱ्यांत भिगवणपाशीं हिवाळ्यांत रोहित उतरतात. त्यांचा लाल रंग पंख मिटलेले असतां फारसा दिसत नाहीं; म्हणून होडी थव्यांत घालून सारे पक्षी एकदम उडवावे, असा नावाड्याकडे आग्रह धरणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. सकाळभर चिखल गाळून मिळविलेलें अन्न त्या पक्ष्यांनीं एका चित्रापायीं उधळावयाचें. कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडाशीं तिबोटी खंड्याची जोडी मातीच्या दरडींत बीळ करते. त्या बिळासमोर एकाच दिवशीं किती भिंगें लागावींत, याला कांहीं ठिकाणीं मर्यादा राहिलेली नाहीं. दुसरे कांहीं ध्वनिमुद्रित शीळ वाजवून नराला बोलावतात. तो बिचारा आपल्या हद्दींत कोण परका शिरला म्हणून छाती फुगवून येतो, आणि आम्ही त्याच्या त्या संतापाला 'आवेशपूर्ण मुद्रा' म्हणून नांवाजतों. कीर्टन बंधूंनीं पक्ष्याला फसविण्यासाठीं स्वतः बैल होणें पत्करलें होतें. येथें कष्ट सारे पक्ष्याच्या माथीं आले आहेत.

पक्षी व त्याची जागा यांची फारकत झाली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचें एक उदाहरण खुद्द खानदेशाशीं निगडित आहे. रानपिंगळा नांवाचें लहानसें घुबड १८७३ सालीं शास्त्रज्ञांना ज्ञात झालें. त्याचा शेवटचा खरा नमुना डेव्हिडसन यानें १८८४ सालीं खानदेशांत मिळविला होता. पुढें माइनर्ट्झहागेन नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें, आपण १९१४ सालीं गुजरातेंत मांडवी येथें हा पक्षी मिळविला, असें सांगून एक कातडें पुढें केलें. अनेक वर्षांनीं पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें उघडकीस आणलें कीं, तें कातडें संग्रहालयांतून चोरलेलें, उसवून पुन्हां शिवलेलें जुनेंच कातडें होतें. नवी होती ती फक्त चिठ्ठी. पक्षी खरा, पिसें खरीं, जागा तेवढी खोटी! त्या खोट्या जागेनें शोध घेणाऱ्यांची दिशाभूल केली. अखेर ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, एकशेंतेरा वर्षांनीं, रानपिंगळा त्यांच्यासमोर झाडावर बसलेला होता. त्यांनीं त्याला मारला नाहीं. त्याचीं चित्रें घेतलीं.

तेव्हांपासून तो पक्षी मेळघाटांत आणि आणखीहि कांहीं ठिकाणीं आढळला आहे, आणि त्याचीं चित्रें आतां दुर्मिळ राहिलीं नाहींत. विरळ, कोरड्या, पानगळीच्या सागवानांत राहणारा हा पक्षी. परवां एका प्रदर्शनांत त्याचीं चार मोठीं चित्रें आमच्या पाहण्यांत आलीं. डोळे पिवळे धमक, पिसें रेखीव, छपाई निर्दोष. एका चित्राच्या उजव्या कोपऱ्यांत, चुकून राहून गेल्यासारखें, सागाचें एक वाळकें पान होतें. त्या चित्रापुढें आम्ही बराच वेळ उभे होतों.